बाबांच्या वरणासाठी पाणी आणू नये म्हणून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

दिवाळीनंतर महिनाभर वाघोलीला राहायला या, असे मी फोनवर म्हटले, तेव्हा बाबा, तुम्ही “तिथलं पाणी सोसत नाही” एवढेच बोललात आणि फोन आईकडे दिलात. तुमची तक्रार खरी आहे. गेल्या खेपेस तुमच्या अंगाला खाज सुटली होती, आणि आईने केवळ तुमच्या वरणासाठी घरच्या विहिरीच्या पाण्याचा दहा लिटरचा कॅन एसटीतून आणला होता. त्यानंतर आठवडाभर तिचा खांदा दुखत होता. म्हणून या वर्षभरात पाण्याचे काय केले, ते सविस्तर कळवते.

आपली विहीर जांभ्यात आहे आणि कोकणच्या पावसाने त्या दगडातले क्षार केव्हाच धुऊन नेले आहेत. इथे खाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन बोअरमधून वर येते. सोसायटीच्या टाकीत हेच पाणी पडते, उन्हाळ्यात त्यात टँकरचे मिसळते. मी नमुना प्रयोगशाळेत दिला, तेव्हा कठीणपणा, म्हणजे या क्षारांचे प्रमाण, लिटरला 480 मिलिग्रॅम निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा 200 आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालते. म्हणजे हे पाणी विषारी नाही, पण साबणाला, डाळीला आणि गीझरला ते त्रास देणारच. बाबांना मुतखड्याची भीती वाटते, म्हणून आमच्या डॉक्टरांनाही विचारले. कठीण पाण्यामुळेच खडा होतो असे सिद्ध झालेले नाही, पाणी कमी पिणे अधिक वाईट, असे त्यांनी सांगितले.

वरणाची परीक्षा मी स्वतः घेतली. एकाच डब्यातली तूरडाळ दोन भांड्यांत घातली, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात आरओचे, म्हणजे क्षार गाळून काढणाऱ्या यंत्राचे, आणि दोन्ही भांडी एकाच कुकरमध्ये ठेवून चार शिट्ट्या केल्या. आरओच्या पाण्यातली डाळ पळीने नुसती ढवळली तरी एकजीव झाली. नळाच्या पाण्यातला दाणा बोटांत चेपला तर मध्ये कणी लागत होती. कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवते, म्हणून ती फुटत नाही. आई, तू तेव्हा डाळीलाच जुनी म्हणालीस, पण दोष डाळीचा नव्हता. आता डाळ भिजवण्यापासून चहापर्यंत सगळे आरओच्या पाण्यात होते. आरओमधून वाया जाणारे पाणी बादलीत धरून बाथरूम धुते. त्यात क्षार अधिकच असतात, म्हणून तुळशीला ते घालत नाही.

अंघोळीचा प्रश्न अवघड होता, कारण घर भाड्याचे आहे. करार अकरा महिन्यांचा, अनामत घरमालकांकडे, आणि भिंतीला नवे भोक पाडायचे नाही ही अट. संपूर्ण इमारतीसाठी सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा उतरवणारे यंत्र, बसवणे हाच खरा उपाय आहे, परंतु सोसायटीच्या सभेत भाडेकरूला मत नसते. मी अर्ज लिहून घरमालकांच्या सहीने दिला आहे, तो अजून पडून आहे. तोवर बाथरूमच्या नळाला लागणारा, जाताना काढून नेता येईल असा छोटा सॉफ्टनर घेतला. त्यातले रेझिनचे बारीक मणी पाण्यातले कॅल्शियम धरून त्याच्या बदल्यात सोडियम सोडतात, आणि ते भरले की मिठाच्या पाण्याने पुन्हा धुवावे लागतात. बाबांना रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे हे पाणी पिण्यासाठी नाही. स्वयंपाकघराचा नळ मी मुद्दाम त्यापासून वेगळा ठेवला आहे. बाजारात नळाला लावायच्या कापसाच्या जाळ्याही मिळतात. त्यांत गाळ अडकतो, कठीणपणा उतरत नाही. माझे सुरुवातीचे पैसे त्यातच गेले.

गीझरची कॉइल मात्र पहिल्याच वर्षी जळाली. दुरुस्तीवाल्याने ती बाहेर काढून ठोकली, तेव्हा ओंजळभर पांढरे कपचे जमिनीवर पडले. खर्च घरमालकांनी आणि मी निम्मा निम्मा केला. पाणी जितके तापते तितका थर लवकर धरतो, म्हणून आता गीझर 50 अंशांवरच ठेवते. शॉवरची जाळी महिन्यातून एकदा काढून लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवली की छिद्रे मोकळी होतात. आम्ल मात्र फरशीवर सांडू देत नाही, कारण ती संगमरवरी आहे आणि डाग पडला तर त्याचा खर्च अनामतीतून कापला जाईल.

आई, तुझ्या केसांसाठी घरची शिकेकाई घेऊन ये. साबण या पाण्यात चिकट साय धरतो, शिकेकाईचे तसे होत नाही. कॅन मात्र आणू नकोस. त्या जागेत कुळीथ बसतील तेवढे आण. येण्याची तारीख कळवा, म्हणजे आदल्या रात्री रेझिन मिठाच्या पाण्याने धुऊन ठेवीन.

तुमची लेक