ख्रिस्ती कॉलेजात पाठवताय? आधी हजेरीचं गणित मांडा

मा. संपादक,
स. न.

बारावीचा निकाल लागला की सांगली-साताऱ्यातली काही मुलं मुंबईचं सेंट झेवियर्स नाहीतर विल्सन, नगरचं अहमदनगर कॉलेज, बंगळूरचं क्राइस्ट, चेन्नईजवळचं मद्रास ख्रिश्चन अशा कॉलेजांचे फॉर्म भरायला घेतात. पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. तिथं धर्माचं काही करायला लावत नाहीत ना? आणि शिस्त फार कडक असते म्हणतात, खरं का? पहिल्याचं उत्तर राज्यघटनेतच आहे. दुसऱ्याचं उत्तर आकड्यांत आहे, आणि आपली पोरं अडकतात ती तिथंच.

अनुच्छेद २८(३) सांगतो की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. म्हणजे अकरावीला निघालेल्या सोळा वर्षांच्या पोराच्या वतीनं सही तुमची, आणि पदवीला जाताना अठरा पूर्ण झाली असतील तर त्याची स्वतःची. प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर 'इथं करा, इथं करा' म्हणत सात-आठ हमीपत्रं पुढं सरकवली जातात. ती आदल्या रात्री घरी वाचलेली असावीत. चॅपलमधल्या प्रार्थनेला जायचं की नाही हा तुमच्या घरचा निर्णय. 'व्हॅल्यू एज्युकेशन' किंवा 'एथिक्स' या नावाचा तास मात्र अनेक ठिकाणी अभ्यासक्रमाचाच भाग असतो. तो चर्चचा समजून दांडी मारली की क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी त्या विषयाचे मोजले जाणारे गुणांक, जातं.

'मिशन' हा शब्द आपल्याकडे नवा नाही. मिशनरी डॉ. वानलेस यांनी काढलेलं मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ सालचं आणि वानलेसवाडीचं नावही त्याच डॉक्टरांवरून पडलेलं. तरी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांतला फरक पोराला सांगून ठेवा. झेवियर्स कॅथलिक, जेझुइट संघाच्या फादरांचं, तिथं फादर, सिस्टर म्हणायचं. विल्सन प्रॉटेस्टंट, स्कॉटिश मिशननं १८३२ मध्ये सुरू केलेलं. प्रॉटेस्टंट पाळकांना फादर म्हणत नाहीत, रेव्हरंड म्हणतात.

आता हजेरी. विद्यापीठांचा सर्वसाधारण नियम ७५ टक्क्यांचा. क्राइस्टसारख्या अभिमत विद्यापीठात तो ८५ टक्के आहे. सत्रात शिकवण्याचे दिवस ९० धरले तर पहिल्या हिशेबात २२ दिवस बुडवता येतात, दुसऱ्यात फक्त १३. गौरी-गणपतीला आठवडा, दिवाळीला कॉलेजच्या सुट्टीपेक्षा चार दिवस जास्त, घरच्या एखाद्या कार्याला तीन, की झाले १४. अजून पोर आजारी पडलेलं नाही.

त्यातही हजेरी विषयवार मोजत असतील तर आणखी बारकाईनं बघावं लागतं. आठवड्याला तीन तास असलेल्या विषयाचे १५ आठवड्यांत ४५ तास होतात. ८५ टक्के राखायचे तर त्यातले सहाच बुडवता येतात. त्या विषयाचा एक तास शनिवारी आणि एक सोमवारी असेल, तर शनिवार-रविवारला जोडून गावी आलेल्या पोराचे एका फेरीत दोन तास जातात. तीन फेऱ्यांत त्या विषयाची सगळी सूट संपली. म्हणून वेळापत्रक हातात पडल्यावर शनिवार-सोमवारचे विषय आधी बघा, 'आईला भेटून जा की' हा आग्रह त्यानंतर. आणि गावच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं की हजेरी लागते हा निव्वळ गैरसमज. बहुतेक ठिकाणी त्यानं फार तर थोडी सूट मिळते, तीही वेळेत दिलं तर.

कॉलेजचं कॅलेंडर जूनमध्येच मागून घ्या. कर्नाटक-तमिळनाडूत गणपतीला आणि दिवाळीला आपल्यासारखी लांब सुट्टी नसते. नाताळ, गुड फ्रायडे मात्र ठरलेले. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे मिरजेहून राणी चन्नम्मा असो की मुंबईची महालक्ष्मी, दिवाळीची तिकिटं ऑगस्टअखेर-सप्टेंबरातच बघावी लागतात.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं नाव आधी. परराज्यातल्या फॉर्मवर 'फर्स्ट नेम'च्या रकान्यात गुणपत्रिकेतला पहिला शब्द टाकला की पाटील हे पोराचं नाव होऊन बसतं आणि तेच पुढं पदवीच्या प्रमाणपत्रापर्यंत जातं. विद्यार्थ्याची क्रेडिटं जमा होतात त्या सरकारी क्रेडिट बँकेचा (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) एबीसी आयडी आधारवरून निघतो, तो मग जुळत नाही. आधार आणि दहावीची गुणपत्रिका शेजारी ठेवून स्पेलिंगसुद्धा ताडून बघा. चूक असेल तर आधार आत्ताच दुरुस्त करा, जुलैत रांगा असतात. कर्नाटकात किंवा तमिळनाडूत जायचं तर कोल्हापूर विभागीय मंडळाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी आणि कॉलेजचा स्वतःचा फॉर्म असे दोन फॉर्म भरावे लागतात. एकच भरून निवांत बसणारे दरवर्षी असतात.

ही कॉलेजं अल्पसंख्याक संस्था असल्यानं महाराष्ट्रात ५० टक्क्यांपर्यंत जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि अनुच्छेद १५(५) मुळे नेहमीचं जातनिहाय आरक्षण तिथं मिळेल असं गृहीत धरता येत नाही. तरीही जातीचा, उत्पन्नाचा, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला काढून ठेवाच; शिष्यवृत्तीचा विचार वेगळा होतो. ख्रिस्ती कुटुंबांना पाळकांच्या किंवा फादरांच्या सहीशिक्क्याचा बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. त्यावरचं नाव 'सॅम्युएल' आणि शाळेच्या दाखल्यावरचं 'संजय' असेल, किंवा शाळेत धर्माच्या रकान्यात दुसरंच काही लिहिलेलं असेल, तर अर्ज तिथंच अडतो. शाळेच्या नोंदीतला बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं होतो. ते काम आठवडाभरात उरकणारं नाही.

मराठी माध्यमातून कला किंवा वाणिज्यला जाणाऱ्यांची पहिले सहा आठवडे दमछाक होते. क्लास लावण्यापेक्षा मे-जूनमध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकाची रोज दोन पानं मोठ्यानं वाचायला लावा आणि पुस्तक मिटून पाच ओळी लिहून घ्या. वीस मिनिटांचं इंग्रजी व्याख्यान ऐकत टिपणं काढायची सवय हवी. विभागप्रमुखांना रजेसाठी चार ओळींचा ईमेल एकदा तरी स्वतःच्या हातानं लिहिलेला असावा. ऐनवेळी पोरं मोबाइलवरून ढापलेलं भलंमोठं पत्र पाठवतात आणि त्यात तारीखच नसते.

हॉस्टेलात खोलीत समई-उदबत्ती चालते का ते विचारा. बहुधा आगीच्या कारणानं चालत नाही, कपाटात छोटा फोटो पुरतो. घरात माळ असेल तर मेसमध्ये शाकाहारी भांडी वेगळी असतात का हेही आधीच विचारलेलं बरं. एकादशीला तिथं खिचडी कोण करणार? ट्रंकेत राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याचा डबा टाका.

प्रवेश घेऊन पुढं दुसरीकडं नंबर लागला तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण फी परत मिळते, फक्त प्रक्रिया शुल्क कापतात. शेवटची तारीख उलटून ३० दिवस झाले की काहीच नाही. मूळ प्रमाणपत्रं संस्थेनं अडकवून ठेवू नयेत, पडताळून परत द्यावीत, हेही त्याच नियमांत आहे. रद्द करण्याचा अर्ज तोंडी नको. दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का तारखेसह घ्या.

— प्रवेश मार्गदर्शन करणारे काही निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली