तिसरी ओळ आमच्यासाठी नको

चिपळूण,
9 नोव्हेंबर 2025

चि. अवनी हिस,
अनेक आशीर्वाद.

नव्या गाडीसाठी केलेला तुझा तुलनेचा तक्ता मिळाला. सहा गाड्या, चौतीस ओळी. मोबाइलवर वाचताना ओळ एका गाडीची आणि आकडा भलत्याच गाडीचा दिसायला लागला, म्हणून झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि दोन दिवस लाल पेन घेऊन बसलो. आई म्हणाली, रिटायर झालात तरी फिटनेस सर्टिफिकेट देणं सुटत नाही.

तक्त्यात एक ओळ नाही, ती तू फोनवर बोललीस. "तुम्ही दोघं आलात की सगळे एकाच गाडीत जाऊ, म्हणून सात सीटची बघतोय." म्हणजे क्रेटा, ग्रँड विटारा या मापाची गाडी सोडून सफारी, एक्सयूव्ही 700 यांच्याकडे तुमचं मन वळलंय ते आमच्यामुळे. फोनवर मी हो हो केलं, कारण तू हौसेने सांगत होतीस. पण आमच्या नावावर सात-आठ लाख जास्त जाणार असतील तर आमचंही मत घ्यायला हवं, नाही का?

आधी या गाड्या आहेत काय ते सांगतो. मी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत होतो तेव्हा तिथे कंपनीकडून एसटीची नुसती चॅसी यायची, इंजिन आणि चाकं लावलेला सांगाडा. त्याच्यावर आपली माणसं बॉडी बांधायची. स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर अजून त्याच घराण्यातल्या, खाली चॅसी आणि वर बॉडी. तू बघतेस त्या सहाही क्रॉसओव्हर आहेत. त्यांना वेगळी चॅसी नसते, बॉडी हाच सांगाडा. अंगाने त्या मोटारीच, फक्त उंच टाचेची चप्पल घातलेल्या. हा दोष समजू नकोस. चालवायला त्या मोटारीसारख्याच सोप्या असतात आणि खड्ड्यात कमी डोलतात. मात्र समोरून रणगाडा दिसतो म्हणून फसायचं नाही. डिझेलवरच्या सफारी आणि हॅरियरला जोर फक्त पुढच्या चाकांना मिळतो. चारी चाकांना जोर हवा असेल तर एक्सयूव्हीचं डिझेल ऑटोमॅटिक आहे, आणि मधल्या मापात ग्रँड विटाराचा एक प्रकार. कोथरूडहून बाणेरला जायला तुला दोन्हींची गरज नाही. आणि 'ग्राउंड क्लिअरन्स 210 मिमी', म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, या ओळीखाली तू ठळक रेघ मारलीस, तिथे मला हसू आलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आपल्या आळीत शिरलं तेव्हा उंच गाड्या आणि बुटक्या गाड्या सारख्याच तरंगत होत्या.

गेल्या मंगळवारी मी आणि आई मुद्दाम एका शोरूमला जाऊन आलो. कुठल्या ते लिहीत नाही, कारण दुसरीकडे गेलो असतो तरी फार वेगळं घडलं नसतं. सेल्समन पोरगा भला होता. त्याने मधली सीट दुमडून पुढे ढकलली आणि म्हणाला, या काकू. काकूंनी एक पाय आत घातला, छताची कड धरली, दुसरा पाय घालताना गुडघा अडकला, मग मी मागून आधार दिला. आत बसल्यावर म्हणाली, "आता मला इथेच जेवण आणून द्या, मी काही उतरत नाही." मी शेजारी बसलो तर माझे गुडघे छातीला. सीटच्या तिसऱ्या ओळीच्या खाली मागची चाकं आणि त्यांचं सस्पेन्शन येतं, त्यामुळे तिथली जमीन उंच आणि सीट पाटासारखी खुजी. दहा वर्षांच्या मुलाला मजा वाटेल. कुंभार्ली घाटात अडुसष्ट वर्षांच्या बाईला त्या जागी बसवलंस तर पाटण येईपर्यंत ती माझ्याशी बोलायची नाही.

तुझ्या तक्त्यात न आलेली आणखी एक अडचण तिथेच कळली. आपल्या छोट्या निमिषची सुरक्षेची खुर्ची मधल्या ओळीत आयसोफिक्सला, म्हणजे सीटमधल्या कड्यांना, अडकवायची. ज्या बाजूची सीट दुमडून मागे जायचं, तिथेच ती लावलीस तर तिसरी ओळ बंद. दुसऱ्या बाजूला लावलीस तर आम्ही दोघं एकाच फटीतून येणार-जाणार. मध्ये वाट असलेली सहा सीटची, कॅप्टन खुर्च्यांची गाडी घेतलीस तर हा प्रश्न सुटतो, पण मग मधल्या ओळीत दोनच जागा, त्यातली एक निमिषची. म्हणजे आईबाबा पुन्हा मागेच! आणि सामान? तिसरी ओळ उघडली की मागच्या दारापाशी दोन बॅगा जेमतेम राहतात. मे महिन्यात मी तुला आंब्याची खोकी देतो ती कुणाच्या मांडीवर ठेवणार?

आता माणसं मोज. तू, अभिजितराव, निमिष, मी आणि आई. पाच. विहीणबाई बरोबर असतील तेव्हा सहा, आणि तसं वर्षातून किती वेळा होतं ते तूच आठव. मला गणपती सोडून काही आठवलं नाही.

मोठ्या गाडीची बाजूही सांगतो, खोटं कशाला बोलू. लहान मुलाच्या खुर्चीशेजारी दोन मोठी माणसं बसवायची तर रुंदी लागते, आणि तिथे क्रेटा तोकडी पडते. क्रेटा 1,790 मिमी रुंद, सफारी आणि तिची धाकटी बहीण हॅरियर 1,922. त्या तेरा सेंटिमीटरांत खांद्याला खांदा घासत नाही. हायवेला मोठ्या ट्रकशेजारून जाताना जड आणि लांब गाडी स्थिर वाटते, आणि सफारीचं 170 पीएस ताकदीचं डिझेल भरल्या गाडीनिशी घाट चढताना कण्हत नाही. मला स्वतःला विचारशील तर हौसेने मी तीच चालवीन. म्हणून म्हणतो, मोठीच घ्यायची ठरली तर तिसरी ओळ नसलेली घ्या, हॅरियर किंवा तशी. माप तेच, मागे डिकी मोकळी.

पण मग तुझे खांब आड येतात. तू पार्किंगचा फोटो पाठवलास आणि दोन खांबांमधलं अंतर 2.4 मीटर लिहिलंस. त्यातून 1.922 वजा केले की राहिले 48 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना मिळून. गाडी बरोबर मध्ये लावलीस तर एकेका बाजूला वीतभर. आणि कंपनी रुंदी सांगते ती आरसे सोडून. मधल्या मापाच्या गाडीला 60 सेंटिमीटर राहतात, डावीकडे चिकटून लावलीस तर चालकाच्या दारातून तू सुखाने उतरशील. निमिषला मात्र आधी बाहेरच उतरवावं लागेल. शोरूमच्या अंगणात कुणालाच खांब दिसत नाहीत. रोज संध्याकाळी सात वाजता, हातात पिशवी आणि मूल झोपलेलं असताना, ते दिसतात.

पैशाचं थोडक्यात लिहितो, कारण तू हिशेबात माझ्यापेक्षा हुशार आहेस. सेल्समन तुला सांगेलच की 22 सप्टेंबरपासून जीएसटी बदलला, आता मोठीच घ्या. ते अर्धं खरं आहे. पूर्वी मोठीवर सेससकट 50 टक्के होते आणि दीड लिटरच्या आतल्या मधल्या गाडीवर 45. आता दोन्हींवर 40, म्हणजे मोठीचा कर जास्त उतरला. पण कर उतरला तरी गाडीची किंमत मोठीच आहे. त्यावर आपल्या राज्याचा रोड टॅक्स: पेट्रोलवर दहा ते वीस लाखांत 12 टक्के, डिझेलवर वीस लाखांच्या पुढे 15. पंधरा लाखांची पेट्रोल घेतलीस तर एक लाख ऐंशी हजार, बावीस लाखांची डिझेल घेतलीस तर तीन लाख तीस. विम्यातही इंजिनाचं माप बघतात. नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता 2022 साली ठरला तो दीड लिटरपर्यंत 10,640 आणि त्याच्या वर 24,596. क्रेटा, ग्रँड विटारा दीड लिटरच्या आत बसतात, सफारी आणि एक्सयूव्ही नाही. टायरही मोठे, म्हणजे बदलताना तेही महाग. नुसते वरचे सात लाख पाच वर्षांच्या कर्जाने नऊ टक्क्यांनी घेतलेस तर महिन्याला साडेचौदा हजार होतात. तेवढ्यात आम्ही चिपळूणहून भाड्याची गाडी करून तुझ्याकडे येऊन परत जाऊ, आणि चहाचे पैसे उरतील.

अभिजितरावांचं म्हणणं, मोठी गाडी म्हणजे सुरक्षित. हॅरियर आणि सफारीला भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आपटून बघायच्या सुरक्षा चाचणीच्या, अगदी पहिल्या निकालांत, डिसेंबर 2023 मध्ये, पाच तारे मिळाले, हे खरंच. पण आपल्या चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुन सव्वाचार मीटरच्या आहेत, त्यांनाही 2022 मध्ये ग्लोबल एनकॅप या तशाच परदेशी चाचणीत पाच मिळाले. त्याच वर्षी त्यांच्यापेक्षा लांब असलेल्या जुन्या क्रेटाला तीनच. तेव्हा लांबी बघून समाधान मानू नका, ज्या मॉडेलला तारे मिळाले तेच आज विकतायत का ते विचारा. आणि सात सीटची बघितलीत तर पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या ओळीपर्यंत पोचते का, हेही.

डिझेलबद्दल आगारातल्या माणसाचं ऐक. आताच्या डिझेलला धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. काजळी जाळायला त्याला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर लांब पळावं लागतं. तुझं ऑफिस नऊ किलोमीटर, त्यात सिग्नल किती ते तुलाच माहीत. अशा गाडीचा फिल्टर तुंबतो आणि मग दिवा लागतो. तुला शोभेल तो हायब्रिड. सिग्नलला थांबताना वीज साठवायची आणि हळू चालताना तीच वापरायची, हे यंत्र पुण्याच्या गर्दीसाठीच केलंय असं वाटतं. ग्रँड विटाराचे कागदावरचे लिटरला 27.97 किलोमीटर तुला मिळणार नाहीत, पण गर्दीत साध्या पेट्रोलपेक्षा बरेच जास्त मिळतील. खोट एकच, बॅटरी डिकीत असते, त्यामुळे जागा 265 लिटरच उरते. क्रेटाची 433. खोकी कमी देईन.

तर माझं मत: मधल्या मापाचीच घ्या. हायब्रिड आवडली तर ती, चालवून बघताना चढावर तिच्या इंजिनाचा आवाज कानाला बोचला तर क्रेटाचं साधं पेट्रोल. खुर्चीशेजारी आम्ही दोघं थोडे दाटीने बसू. आई बारीक आहे आणि मी खिडकीशी बसतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

रविवारी टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा निमिषची खुर्ची बरोबर न्या आणि लावून बघा. मग सेल्समनला सांगून गाडी सोसायटीत आणा, दोन खांबांच्या मध्ये उभी करा, दार उघडून तू स्वतः उतर. उतरता आलं की फोन कर.

अभिजितरावांना नमस्कार, निमिषला पापा.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते, कुठलीही घ्या, पण आतली सीट पांढरी नको. बाटलीतलं कोकम मागच्या वेळी सांडलं होतं, ते तिने सांगितलं नव्हतं, आता सांगते आहे.