शनिवारची वेल्च-डिकी भटकंती: निघण्याआधी वाचा

मंडळी, येत्या शनिवारी न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टमध्ये वेल्च आणि डिकी या दोन डोंगरांचा फेरा आहे. साधारण साडेचार मैल. सकाळी ८ वाजता थेट पायथ्याच्या पार्किंगमध्ये भेटू (आय-९३ महामार्ग, एक्झिट २८). पानगळीच्या रंगांसाठी तोबा गर्दी असते, पार्किंग लवकर भरतं. कोणासाठीही थांबणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

• पार्किंगचे ५ डॉलर रोख, सुटे आणा. पैसे लिफाफ्यात घालून पेटीत टाकायचे असतात.

• चढायचं वेल्चच्या बाजूनं, उतरायचं डिकीकडून. उलटं कोणी जाऊ नये. वेल्चचा उघडा उतार चढायला सोपा, उतरताना मात्र गुडघे लटपटतात. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या कातळासारखा हा नाही. हा ग्रॅनाइट, ओला झाला की साबणच. मागच्या खेपेला माझा चिवड्याचा डबा घरंगळत गेला, झाकण अजून सापडलेलं नाही. पाऊस असेल तर बेत रद्द. शुक्रवारी रात्री कळवीन.

• चांगली पकड असलेले बूट, माणशी दोन लिटर पाणी, विंडचीटर, बॅटरी. जीन्स नको. वर फोनच्या भरवशावर राहू नका.

• माथ्यावर शेवाळासारखं जे पांढुरकं दिसतं ते दगडफूल. तुडवलं तर भरायला कित्येक वर्षं लागतात. मुलांना कातळावरूनच चालवा.

• कुत्रा आणणार असाल तर पट्टा हवाच. संत्र्याची सालंसुद्धा परत न्यायची.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नावं कळवा, मुलांची वयंही.