गुरुजी, तुम्ही मोठ्यानं वाचलंत

आदरणीय गुरुजी,
सा. नमस्कार.

नाव लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंय. लिहीत नाही. गावात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

वाड्याची मागची पडवी उतरवली तेव्हा माळ्यावरून पत्र्याची पेटी निघाली. आत दप्तराचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुने कागद. काकांनी एक सोडून बघितला, मोडी लिपी दिसल्यावर पुन्हा बांधला आणि म्हणाले, "रद्दीवाल्याला देऊन टाक, उगाच वाळवी लागायची." मी दिलेही असते, खोटं कशाला बोलू? नेमके त्याच दुपारी तुम्ही नातवाच्या मुंजीचं आमंत्रण घेऊन आलात.

एका रेघेला टांगलेली ती अक्षरं. शब्द कुठं तुटतो, तेही समजत नव्हतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, "सलास सबैन मया व अलफ" असे अरबी आकडे पुटपुटलात आणि बोटांवर मोजून म्हणालात, "शुहूर सन ११७३, जुन्या कागदांवरची कालगणना. म्हणजे इसवी १७७२-७३. थोरले माधवराव गेले ते साल." मला वाटलं, आता निघतोय काहीतरी खलिता! निघाला तो मोटेच्या पाळीचा तंटा. दोन भाऊ, एक विहीर. थोरल्यानं धाकट्याचे बैल सोडून दिले म्हणून सगळं गाव गोळा झालेलं. विहीर तीच, शाळेमागची, जिच्यात आम्ही आता निर्माल्य आणि प्लास्टिक टाकतो.

पुढं तुम्ही तो महजर, म्हणजे गावसभेचा निवाडा, मारुतीच्या देवळात वाचलात. आले सात जण, त्यातले दोघे स्पीकरवाले. शिवजयंतीच्या मिरवणुकीला वर्गणी दोन दिवसांत जमते. आपल्याच विहिरीचा कागद ऐकायला माणूस मिळत नाही. देवळामागच्या वीरगळीला, लढाईत पडलेल्या वीराच्या त्या स्मारकशिळेला, जत्रेआधी ऑइलपेंट फासणारेही आम्हीच. त्या संध्याकाळी मला लाज वाटली. तुम्ही मात्र सात जणांसाठी सत्तर असल्यासारखं वाचलंत.

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना जुन्या कागदांसाठी गावोगाव पायपीट करून दप्तरवाल्यांची मनधरणी करावी लागे. पण कागद लपवून ठेवणाऱ्या त्या लोकांना ते मोलाचे तरी वाटत होते. आम्ही किलोवर घालायला निघालो होतो.

मधे २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. तुमच्या ओसरीवर रांग लागायची. पणजोबांच्या नावापुढचा तेवढा एक शब्द सापडला की कागदाची पुन्हा घडी. त्यांची गरज खरी होती, दोष देत नाही. पण उरलेल्या ओळींत काय आहे, हे कुणी विचारलं नाही. तुम्ही तरीही त्या वाचून ठेवल्यात, शाळेच्या जुन्या वहीत, बालबोधीत (म्हणजे आपल्या देवनागरीत), शिसपेन्सिलीनं. कुणाकडून चहापलीकडे काही घेतलं नाहीत. (चहासुद्धा बिनसाखरेचा, त्यामुळे आमचा खर्च तसा कमीच.)

महजराच्या तळाशी सह्यांच्या जागी निशाण्या होत्या. पाटलाचा नांगर, परिटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. देवळातल्या त्या सातांत आपला सलूनवाला होता, आठवतंय? आरसा दाखवलात तेव्हा तो जागचा उठून जवळ आला होता, मोबाइलवर फोटो काढायला. परवा केस कापायला गेलो, तर तो फोटो मोठा करून दुकानातल्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेला. गिऱ्हाईक विचारतं, हा सांगतो. त्याच्या सांगण्यात भावांचे बैल आता चाराचे आठ झालेत, ते तुम्ही येऊन दुरुस्त करा. "गुरुजींना सांगा," म्हणाला, "दाढीला कधीही या, पैशाचं नाव काढायचं नाही."

गुरुजी, मनापासून आभार. कागद वाचवल्याबद्दल आहेतच, पण ते आमच्या देखत मोठ्यानं वाचल्याबद्दल जास्त.

आपला,
वाड्यातला धाकटा

ता. क. दुसरा रुमाल अजून सोडलेला नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वेखंड घालून कपाटात ठेवलाय. काका रोज विचारतात, "गुरुजी कधी येणार?"