बेसबॉल कार्डांचे मोल लिलावाबाहेरही आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत एखादे जुने बेसबॉल कार्ड, म्हणजे बेसबॉल खेळाडूचे चित्र छापलेला पुठ्ठा, कोट्यवधी रुपयांना विकले गेले, की त्याची बातमी आपल्याकडेही छापून येते, आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी एवढा पैसा कोण मोजतो, एवढ्यावर तिची चर्चा संपते. जळगाव-धुळ्याकडच्या मैदानांवर सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी मुले-मुली आहेत, त्यामुळे हा खेळ खानदेशाला अगदीच परका नाही; या कार्डांच्या संग्रहाविषयी मात्र किमतीपलीकडचे काही आपल्या वाचनात क्वचितच येते. या विषयाचा मनापासून अभ्यास करणारा वाचक म्हणून चार गोष्टी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे नाजूक असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यांत जाड कागदाची पट्टी घालत, आणि तिच्यावर खेळाडूचे चित्र छापले तर गिऱ्हाईक पुढचे पाकीटही आपलेच घेईल, हे कंपन्यांनी ओळखले. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या मालिकेत अशी पाचशेहून अधिक कार्डे आहेत. त्यांपैकी पिट्सबर्गच्या होनस वॅगनर यांच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली. आपल्या चित्रासाठी मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्यांना रुचले नाही असे काही जण मानतात, तर मोबदल्यावरून बिनसले असे इतर काही जण. आज त्याच्या जेमतेम साठेक प्रती ज्ञात आहेत आणि त्यांतली एक ऑगस्ट २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. त्याच महिन्यात कार्डे छापणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या मालिकेतील मिकी मँटल या खेळाडूच्या कार्डाला १ कोटी २६ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपये मिळाले.

मँटल यांचे हे कार्ड दुर्मीळ का झाले, हेही पाहण्यासारखे आहे. ते ज्यात होते तो १९५२ च्या मोसमात उशिरा छापलेला गठ्ठा खपला नाही, आणि १९६० मध्ये आपण तो नौकेवर लादून अटलांटिक समुद्रात टाकून दिला, असे टॉप्सचे साय बर्गर यांनीच पुढे सांगितले होते. उलट १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भाव वाढलेले पाहून लोक नवी कार्डे खोक्यांनी साठवू लागले, कंपन्यांनीही ती अमाप छापली, आणि आज त्यांतल्या बहुतेकांना कवडीची किंमत नाही. केवळ नफ्यासाठी साठवलेल्या वस्तूचे असे होते, हे आपल्या तरुणांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

मला ही कार्डे महत्त्वाची वाटतात ती वेगळ्या कारणाने. एकटे कार्ड फार थोडे सांगते, पण अख्खी मालिका समोर मांडली की त्या समाजाचा ताळेबंद दिसतो. १९०९–११ च्या त्या पाचशेहून अधिक कार्डांत एकही कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडू नाही, कारण मोठ्या लीगची, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धांची, दारे त्यांना बंद होती. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या संघाकडून मैदानात उतरले आणि ती भिंत पडली. टॉप्सच्या १९५२ च्या मालिकेत मँटल यांचे कार्ड ३११ क्रमांकाचे आहे आणि त्याला लागूनच ३१२ वर रॉबिन्सन आहेत. परंतु जॉश गिब्सन यांच्यासारखा असामान्य कृष्णवर्णीय फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे रॉबिन्सन यांच्या पदार्पणाच्या तीनच महिने आधी, जग सोडून गेला होता. हयातीत मोठ्या लीगने त्यांना जवळ केले नाही. त्यांचे जे कार्ड आज संग्राहक डोळ्यांत तेल घालून शोधतात, ते त्यांच्या मृत्यूनंतर निघाले, आणि तेही अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नव्हे, तर प्वेर्तो रिकोत. २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे त्याच मोठ्या लीगने, निग्रो लीगची (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांची) आकडेवारी अधिकृत नोंदींत सामावून घेतली, तेव्हा कारकिर्दीच्या फलंदाजी सरासरीत हेच गिब्सन पहिल्या क्रमांकावर आले. कोणाचे चित्र छापले गेले आणि कोणाचे नाही, हा पुरावा पूर्ण संच जपणाऱ्यांमुळेच आपल्या हाती राहिला आहे.

म्हणून या क्षेत्रातला माझा आदर्श कोणी बडा खरेदीदार नसून न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे संग्राहक जेफरसन बर्डिक हे आहेत. साधी नोकरी करणाऱ्या आणि संधिवाताने बोटे आखडलेल्या या माणसाने तीन लाखांहून अधिक छापील चिजा जमवल्या, त्यांत तीस हजारांवर बेसबॉल कार्डे होती. त्यांनी मालिकांची सूची तयार केली, आणि संग्राहक आजही वॅगनर यांच्या मालिकेला ‘टी-२०६’ म्हणतात ते त्या सूचीतल्या क्रमांकावरून. हा सारा ठेवा त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला दिला, तिथे बसून वर्षानुवर्षे स्वतः तो वह्यांत चिकटवला, आणि ते काम पूर्ण झाल्यावर दोनच महिन्यांनी, मार्च १९६३ मध्ये ते निवर्तले.

छंदाला पैशाची हाव चिकटली की काय होते, याचेही उदाहरण याच कार्डांत आहे. वॅगनर यांच्या सर्वांत प्रसिद्ध प्रतीच्या कडा आपण कापून नीट केल्या होत्या, अशी कबुली एका नामांकित लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. कार्डाचे कोपरे झिजलेले असतील तर ते झिजलेलेच राहू द्यावेत. ती झीजही त्याच्या इतिहासाचा भाग आहे.

खानदेशाला ही दृष्टी नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरच्या दप्तरांतून, इतरांच्या लेखी रद्दी असलेल्या कागदांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत उभी केली. १९२६ मध्ये त्यांचे निधन धुळ्यातच झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे. आपल्या घरांत बेसबॉल कार्डे सापडणार नाहीत, पण बबलगमसोबत मिळालेली क्रिकेटपटूंची चित्रे, काडेपेट्यांचे छाप आणि कापडाच्या ताग्यांवरची रंगीत लेबले ट्रंकांत नक्की असतील. ती लॅमिनेट करू नयेत, डिंकाने चिकटवू नयेत, पत्र्याच्या छपराखाली मे महिन्याच्या उन्हात ठेवू नयेत. कसर आणि वाळवीपासून जपावीत, आणि कोणते चित्र कुठून, कधी मिळाले ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे. संच फोडून एकेक नग विकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयांनी अशा संग्रहांसाठी एखादे कपाट राखून त्यांची सूची करावी, अशी माझी विनंती आहे. आपणही यापुढे लिलावाची बातमी छापताना किमतीबरोबर कार्डाची मालिका, साल आणि त्याच्या दुर्मीळपणाचे कारण यांसाठी दोन ओळी द्याव्यात.

आपला,
एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव