वेल लावण्याची एवढी घाई कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छोटी वायनरी कशी सुरू करावी यावर पानभर लेख आला आहे. छायाचित्रं इतकी देखणी की माझ्या पुतण्याने ते पान कापून फ्रिजच्या दारावर चिकटवलं. म्हणून हा पत्रप्रपंच. लेखातला क्रम असा आहे : जमीन घ्या, वेली लावा, इमारत बांधा, वाइन करा आणि मग बाजारात उतरा. मी अकरा हंगाम दुसऱ्याच्या वायनरीत टाक्या-पिंपं सांभाळली, पुढे भागीदारीत स्वतःची लहानशी वायनरी चालवली. माझ्या मते हा क्रम बरोबर उलटा हवा. आधी विकून बघा, मग करून बघा, वेल सगळ्यात शेवटी.

वेल लावल्यावर हाती धरण्याजोगं पीक तिसऱ्या वर्षी येतं आणि बाग पूर्ण भरात यायला पाच-सहा वर्षं लागतात. लाल वाइन करायची तर ती पुढे वर्ष-दीड वर्ष पिंपात राहणार, काही महिने बाटलीत. म्हणजे पहिला खड्डा खणल्यापासून पहिली चांगली बाटली विकेपर्यंत पाच वर्षं सहज गेली. तेवढा काळ खांब, तारा, ठिबक, फवारणी, छाटणी, मजुरी यांवर पैसा जातच राहतो. एवढं करून समजा कळलं की निवडलेली जात त्या जमिनीला मानवत नाही, किंवा ती वाइन कुणाला फारशी नकोच आहे, तर? जुन्या खोडावर दुसऱ्या जातीचं कलम बांधता येतं, पण त्यातही एखाद-दोन हंगाम हातचे जातात.

खर्च वाचवण्यासाठी ओळखीच्या बागेतून काड्या आणून थेट जमिनीत लावाव्यात, असं लेखात सुचवलंय. कृपा करून असं छापू नका. १८६०च्या दशकात फायलोक्सेरा ही माव्याच्या जातकुळीतली बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचली आणि तिने मुळांवर हल्ला करून बागांमागून बागा वाळवल्या. उपाय सापडला तो असा की खुंट अमेरिकन वेलीचा आणि वर कलम युरोपीय जातीचं. आजही चिलीसारखे मोजके अपवाद सोडले तर जगातल्या बहुतेक वाइनबागा कलमांवरच उभ्या आहेत. काडी फुकट मिळते, तिच्याबरोबर काय काय येतं ते पुढे कळतं.

खायची द्राक्षं उरली तर त्यांची वाइन करावी, हेही तसंच. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा असतो. रंग आणि तुरटपणा त्या सालीत-बीत असतो, गरात नाही.

मग सुरुवात कुठून करायची? द्राक्षं विकत घ्या. फ्रान्सच्या बर्गंडी भागात लहान बागायतदारांकडून द्राक्षं किंवा वाइन घेऊन स्वतःच्या नावाने बाटल्या भरणारे व्यापारी कित्येक पिढ्या आहेत. त्यात कमीपणा कसला? टाकीही भाड्याने मिळते. द्राक्ष फोडण्याचं यंत्र आणि दाबयंत्र वर्षातून जेमतेम काही आठवडे चालतात, बाकी वर्षभर ताडपत्रीखाली झाकून असतात. त्यामुळे ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनाही भाडं हवंच असतं. परवान्याचं मात्र द्राक्षं येण्याआधी बघावं, कारण द्राक्षं थांबत नाहीत.

आता विक्री. एक टन द्राक्षांतून साधारण ६०० ते ७०० लिटर वाइन निघते. एकरी तीन टन धरले तर ७५० मिलिलिटरच्या सुमारे २,६०० बाटल्या. कागदावर हा आकडा लहान वाटतो. ५२ने भागा : दर आठवड्याला ५० बाटल्या, वर्षभर, एकही आठवडा न चुकता, आणि तेही एका एकरातून. ओळखीपाळखीचे सगळे पहिल्या वर्षी एकेक बाटली घेतात. दुसऱ्या वर्षी ते ‘यंदाचा हंगाम कसा झाला?’ एवढंच विचारतात. आम्ही पहिल्या वर्षी याच उत्साहावर पुढच्या वर्षीचा माल दुप्पट केला होता.

वाइन करणं म्हणजे नेमकं काय, हे लेखातल्या छायाचित्रांत दिसत नाही, कारण पाइप धुणाऱ्या माणसाचं छायाचित्र कुणी काढत नाही. दिवसातला निम्मा वेळ धुण्यात जातो. उरलेला मोजण्यात जायला हवा, आणि आमचं तिथेच चुकलं. वाइन टिकावी म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड थोड्या प्रमाणात घालतात. किती घालायचं ते पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर ठरतं (आकडा चढला की आम्लता कमी), आणि पीएच ०.३ने चढला की तेवढ्याच संरक्षणासाठी मोकळा, म्हणजे वाइनमधल्या इतर घटकांशी न बांधलेला, सल्फर डायऑक्साइड जवळजवळ दुप्पट लागतो. आमचा पीएच मीटर त्या हंगामात बफरच्या, म्हणजे पीएच आधीच माहीत असलेल्या, द्रावणात तपासलाच नव्हता. तो ३.५ दाखवत होता, प्रत्यक्षात पीएच होता ३.८. म्हणजे आम्ही मात्रा बरोबर निम्मी घातली होती. त्यात बाटल्या भरण्याच्या धांदलीत पाच पिंपांकडे सहा आठवडे कुणी फिरकलं नाही. लाकडातून वाइन थोडी थोडी उडते, म्हणून पिंप वरचेवर काठोकाठ भरून घ्यावं लागतं. आमच्या पिंपांत वर चार बोटं हवा साचली होती. मी पहिल्याचं बूच काढलं आणि नेलपॉलिशसारखा वास आला. दुसऱ्याचं काढताना हात थरथरत होता. एक पिंप २२५ लिटरचं, म्हणजे ३०० बाटल्या. पाचांतली दोन वाचली. बाकीच्या तिघांतली ९०० बाटल्यांची वाइन ओतून दिली. तो मीटर मी अजून ठेवलाय, कपाटात समोरच दिसेल असा.

पण नुकसान पैशाचं झालं तर भरून काढता येतं. लेखात ज्याचा एका ओळीनेही उल्लेख नाही ती गोष्ट जिवाची आहे. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरमागे २०० ग्रॅम साखर असेल तर एका लिटर रसातून हा वायू ५० लिटरच्या वर सुटतो. हजार लिटरची एकच टाकी घ्या. तिच्यातून निघणारा वायू चार मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच खोली गच्च भरून टाकेल. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत, खड्ड्यात, रिकाम्या केलेल्या टाकीच्या तळाशी साचतो. उभा माणूस ठीक असतो आणि सांडलेली साल गोळा करायला वाकला की कोसळतो. त्याला ओढायला दुसरा धावतो आणि तोही पडतो. मेणबत्ती नेऊन बघायची जुनी पद्धत आहे, पण मेणबत्ती जळतेय म्हणजे हवा सुरक्षित आहे असं नाही. वायू मोजणारं यंत्र गुडघ्याच्या उंचीवर लावा, हवा बाहेर फेकणारा पंखा जमिनीजवळ बसवा आणि रिकाम्या टाकीत एकट्याने कधीही उतरू नका. हंगाम सुरू होण्यापूर्वी निदान एवढं तरी आपण चौकटीत छापावं, ही कळकळीची विनंती.

पुतण्याचं म्हणाल तर मी त्याला ‘नको’ म्हटलेलं नाही. यंदा अर्धा टन द्राक्षं घ्यायला सांगितलंय. माझ्या जुन्या भागीदाराच्या परवान्याखाली, त्याच्याच टाकीत काम होईल. मीटर मी स्वतः तपासणार. त्यातून चारशे-सव्वाचारशे बाटल्या निघतील. त्या त्याने वर्षभरात आमच्या नात्यागोत्याबाहेरच्या माणसांना विकून दाखवाव्यात. मग कुठली जात लावायची यावर बोलू. तोवर फ्रिजवरचं पान तिथेच राहू दे, असं त्याच्या आईलाही सांगितलंय.

आपला,
एक नियमित वाचक