समोरच्या बाकावरचा स्काबेल्का

कराड,
७ डिसेंबर

प्रिय विलास,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. तू चिडलेला होतास आणि माझ्या दारात पेशंटची रांग होती. "दुसऱ्या राज्याच्या कबड्डी संघाला शिकवायला गेलो तर आपलीच माणसं मला फितूर म्हणतील," असं म्हणालास आणि फोन ठेवलास. यावर मला जे सांगायचंय ते मिन्स्कवरून, म्हणजे मी डॉक्टरकी शिकलो त्या बेलारूसच्या राजधानीवरून, वळसा घेऊन येतं. मिन्स्कचं नाव काढलं की तू जांभई देतोस, म्हणून पत्र लिहितोय. पत्रात तुला मला मधेच तोडता येणार नाही.

आंद्रेई स्काबेल्का. १९७१ चा जन्म, बेलारूसचा आइस हॉकीपटू, आघाडीला खेळायचा. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा गडी विशीत होता. म्हणजे शिकला एका देशात, आणि खेळायची वेळ आली तेव्हा तो देशच उरला नव्हता. बेलारूस म्हणजे कोटभरही लोक नसलेला देश, पण हॉकीचं वेड विचारू नकोस. आमच्या हॉस्टेलमागे वसाहतीच्या मधोमध लाकडी फळ्यांचं एक रिंगण होतं. उन्हाळ्यात तिथे पोरं फुटबॉल खेळायची. थंडी पडली की एक म्हातारबाबा रात्री रबरी नळी घेऊन यायचे आणि थरावर थर पाणी सोडायचे. सकाळी बर्फ तयार. शाळेत जायच्या आधी सहा-सात वर्षांची पोरं पाठीवर दप्तर आणि हातात स्टिक घेऊन त्यावर उतरलेली असायची. पडली तर आया उचलायला यायच्या नाहीत. स्काबेल्काच्या पिढीचे खेळाडूही असल्याच रिंगणांतून वर आले.

तो १९९८ ला नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये खेळला आणि २००२ ला सॉल्ट लेक सिटीत. दुसऱ्या ऑलिम्पिकची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुला ती आवडेल. पहिली फेरी पार करून पुढच्या फेरीत गेल्यावर बेलारूसचा पार चुराडा झाला होता: रशियाकडून ६-४, फिनलंडकडून ८-१, अमेरिकेकडून ८-१. तीन सामन्यांत २२ गोल खाल्ले. पण त्या स्पर्धेत आठही संघ उपांत्यपूर्व फेरीत जात होते, म्हणून हे टिकले. समोर स्वीडन. स्वीडननं आपले तिन्ही सामने जिंकले होते आणि कॅनडालाही ५-२ असं लोळवलं होतं. २० फेब्रुवारीला सामना झाला. स्वीडननं ४७ फटके मारले. बेलारूसचा गोलरक्षक मेझिन, जन्मानं रशियातल्या चेल्याबिन्स्कचा, त्यानं ४४ अडवले. ३-३ अशी बरोबरी झाली. शेवटची अडीचेक मिनिटं राहिली असताना कोपात नावाच्या बचावपटूनं लांबून, अगदी मधल्या भागातून, चकती (आइस हॉकीत चेंडूऐवजी तीच असते) हाणली. असा फटका गोलरक्षक झोपेतही अडवतो. पण ती स्वीडनच्या टॉमी सालोच्या डोक्याला लागून वर उडाली, त्याच्या मागे पडली आणि घरंगळत गोलात गेली. ४-३. सालोच्या नशिबी तो एक क्षण आयुष्यभरासाठी चिकटला. पुढे कॅनडानं बेलारूसला ७-१ नं हरवलं, कांस्यपदकाच्या लढतीत रशियानं ७-२ नं. चौथा क्रमांक, पदक नाही. पण मिन्स्कमध्ये आजही ते चार गोल लोकांना तोंडपाठ आहेत. माझे शरीररचनेचे सर हाडं शिकवता शिकवता मधेच त्यावर घसरायचे.

त्या संघाचा प्रशिक्षक होता व्लादिमीर क्रिकुनोव. जन्मानं रशियन, पोरांना वजनं अंगावर घेऊन पळवण्याबद्दल कुप्रसिद्ध. चारच वर्षांनी, २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये, हाच माणूस रशियाच्या बाकामागे उभा होता. बेलारूसमध्ये त्याला कुणी शिव्या घातल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्याचं नाव आजही आदरानंच घेतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. खेळणं थांबल्यावर स्काबेल्का प्रशिक्षक झाला. २०१३ च्या जागतिक स्पर्धेत बेलारूसचा मुख्य प्रशिक्षक तोच होता. संघ चौदावा आला. पुढच्या वर्षी ती स्पर्धा चक्क मिन्स्कमध्ये होती, आणि घरच्या प्रेक्षकांसमोर संघ कुणाच्या हाती दिला? कॅनडाच्या ग्लेन हॅनलनच्या. संघ सातवा आला, उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून ३-२ नं हरला. तेव्हा मी तिथेच होतो. शहरभर तोच विषय, ट्रॅममध्ये लोक तोंडाला रंग फासून बसलेले. हॅनलनचं काम चांगलंच झालं, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण ज्या स्पर्धेची स्वप्नं पाहिली ती घरी आली आणि आपण बाहेर, हे स्काबेल्काला कसं लागलं असेल ते तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? तुझ्या बाबतीत काय झालं ते इथे उगाळत नाही.

त्यानं थयथयाट केला नाही. सायबेरियात नोव्होसिबिर्स्कच्या सिबिर संघाकडे गेला. मोठ्या पैशाच्या क्लबांपुढे हा संघ गरीबच, पण २०१५ ला त्यानं त्याला तिथल्या मोठ्या लीगच्या पूर्व विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत नेलं. तिथे कझानच्या अक बार्सनं रोखलं. मग २०१८ मध्ये कझाकस्तान. अस्तानाच्या बारिस क्लबचा प्रशिक्षक तोच आणि कझाकस्तानच्या राष्ट्रीय संघाचाही तोच.

त्याच वर्षी बेलारूस डेन्मार्कमधल्या जागतिक स्पर्धेत तळाला गेला आणि वरच्या गटातून खाली घसरला. २०१९ च्या वसंतात खालच्या गटाची स्पर्धा भरली, आणि भरली कुठे तर कझाकस्तानच्या राजधानीत. सहा संघ, वर जाणार फक्त दोन. यजमानांच्या बाकामागे स्काबेल्का. समोर बेलारूसची लाल जर्सी, जी त्यानं स्वतः घातली होती आणि सहाच वर्षांपूर्वी ज्या संघाला शिकवलं होतं.

इथे या खेळातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे प्रशिक्षकाला किती काम असतं ते कळेल. बर्फावर पाच जण आणि गोलरक्षक. पाच जणांची फळी पाऊण मिनिट, फार तर मिनिटभर पळते आणि दमून बाकावर येते, खेळ चालू असतानाच दुसरी फळी कठड्यावरून उडी मारून आत जाते. खेळ थांबला असेल तर यजमान म्हणून नोंद असलेल्या संघाला शेवटी बदल करता येतो. म्हणजे समोरच्यानं कुठली पाच माणसं उतरवली ते बघून मग आपली पाच ठरवायची. साठ मिनिटं हेच. कोणाची कोणावर फळी घालायची, कोण दमलाय, कोण घाबरलाय. समोरच्या संघातल्या पोरांच्या सवयी तुला माहीत असतील तर हे ज्ञान सोन्याच्या मोलाचं. आणि स्काबेल्काला बेलारूसचं हॉकी आतून माहीत होतं. त्यानं ते वापरलं का? वापरलंच असणार. पगार त्याचाच होता.

कझाकस्तान पहिला आला, बेलारूस दुसरा. दोघेही वर गेले.

तू लगेच म्हणशील, दोघेही वर गेले म्हणून भागलं. खरंय. बेलारूस त्याच्यामुळे खालीच राहिला असता तर लोक काय म्हणाले असते, कुणास ठाऊक. पण दुसरीकडेही बघ. तिथल्या हॉकीत जन्म एकीकडे आणि जर्सी दुसरीकडे हे रोजचंच आहे. अमेरिकेत नाव काढलेला गोलरक्षक नाबोकोव कझाकस्तानात जन्मला आणि रशियाकडून ऑलिम्पिक खेळला. कॅनडात जन्मलेले डॉज आणि डालमन कझाकस्तानचे होऊन खेळले. अशा ठिकाणी प्रशिक्षकाला एकच प्रश्न विचारतात: पोरं सुधारली का? आपल्याकडे कबड्डीतही आता लिलाव होतात, सांगलीचा पोरगा पाटण्याकडून चढाई करतो आणि आपण टाळ्या वाजवतो. खेळाडूला चालतं ते शिकवणाऱ्याला का नको? डाव्या कोपऱ्यात तू घोटा कसा धरायचास, साखळी कधी सोडायचास, हे तुझ्या डोक्यातच कुजवायचं का? इथे तुला कुणी विचारत असतं तर गोष्ट वेगळी होती.

मात्र हे सगळं गुळमट करून सांगत नाही. कझाकस्ताननंतर स्काबेल्का रशियातल्या यारोस्लाव्हलच्या लोकोमोटिव्ह क्लबचा प्रशिक्षक झाला. या क्लबचं नाव घेतलं की तिकडे माणसं क्षणभर गप्प होतात. ७ सप्टेंबर २०११ ला या संघाचं विमान उड्डाण करतानाच कोसळलं आणि अख्खा संघ गेला. हंगामातला पहिला सामना खेळायला ते मिन्स्कलाच निघाले होते. त्यात रुस्लान सालेई होता, अमेरिकेतल्या लीगमध्ये नऊशेवर सामने खेळून नुकताच लोकोमोटिव्हकडे आलेला, स्काबेल्काचा सॉल्ट लेकमधला सोबती. त्याच क्लबच्या बाकामागे उभं राहायचं म्हणजे छातीवर दगडच.

आणि तिथून त्याला २०२१ चा हंगाम सुरू होता होताच काढलं. जागेवर आणला इगोर निकितिन, जो कझाकस्तानकडून खेळलेला. कझाकस्तानला वर नेणाऱ्याला हटवून कझाकस्तानचाच माणूस. त्या निकितिननं २०२५ ला लोकोमोटिव्हला त्यांचा पहिला गागारिन चषक, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, जिंकून दिला. प्रशिक्षकाचं असंच असतं. पेरतो एक, काढतो दुसरा. स्काबेल्कानं वर आणलेल्या कझाकस्ताननं २०२१ ला रिगात गतविजेत्या फिनलंडला हरवलं, तेव्हाही बाकावर तो नव्हता.

म्हणून फितूर म्हणण्याची भीती बाजूला ठेव, ती मला फारशी खरी वाटत नाही. करार नीट वाच. मुदतीआधी काढलं तर उरलेले पैसे मिळणार का, सहायक निवडायचा हक्क तुला आहे का, निवड समितीत तुझं मत मोजणार का, हे तिन्ही कागदावर घे. तोंडी आश्वासनं दोघांनीही पुष्कळ पाहिलीत. वहिनींना आणि पोरीला तिकडे न्यायचं की नाही हे मात्र वहिनींना विचारून ठरव, मला विचारू नकोस. गुडघ्याचा एमआरआय जायच्या आधी इथेच करून घे. बुधवारी ये, गर्दी कमी असते.

तुझा,
मिलिंद

ता. क. – स्वीडनविरुद्धचा सामना यूट्यूबवर शोध. सगळा बघायचा कंटाळा आला तर शेवटचा गोल तरी बघ, आणि गोल झाल्यावर बेलारूसच्या बाकाकडे बघ.